उडी कड्यावरून, कॅमेरा पाण्यातून : नागपूर ते श्नोंगपडेंग

कड्यावरून पाण्यात उडी मारणाऱ्याचे चित्रण करायचे असेल, तर कॅमेरा त्याच्या अंगावर बांधू नये, तो पाण्यात थांबलेल्या दुसऱ्या माणसाच्या हाती द्यावा, हे माझे मत मेघालयातील उमंगोट नदीवर पक्के झाले. निघताना मात्र घरात यावर एकमत नव्हते. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेला माझा पुतण्या आणि त्याची वर्गमैत्रीण यांना उड्या मारायच्या होत्या, रोज पहाटे पोहायला जाणाऱ्या माझ्या पतींना त्या दोघांवर लक्ष ठेवायचे होते, आणि मला चित्रण करायचे होते.

एवढ्यासाठी इतके दूर कशाला, असे अनेकांनी विचारले. विदर्भात खोल पाणी नाही असे नाही; पण वाकीचा डोह किंवा झिलपी तलाव ही नावे नागपूरच्या आईवडिलांना सहलीपेक्षा बुडालेल्या मुलांच्या बातम्यांमुळे अधिक ठाऊक आहेत. गढूळ पाण्याखाली दगड आहे की गाळ हे वरून कळत नाही. उमंगोटचे पाणी पावसाळा सरल्यावर निवळते, तळ दिसू लागतो, आणि श्नोंगपडेंग या काठावरच्या गावात लाइफ जॅकेट व माहीतगार नावाडी यांच्यासह कड्यावरून उडी मारण्याची सोय आहे. नोव्हेंबर ते मार्च हा तिथला काळ. पावसाळ्यात तीच नदी गढूळ आणि अंगावर येणारी असते.

निघण्यापूर्वी, नागपुरात

आमच्या भागातील जलतरण तलावावर व्यवस्थापकांची परवानगी घेऊन आम्ही कॅमेरा तपासून पाहिला. पुतण्याचा आग्रह छातीवरच्या पट्ट्याचा होता. फळीवरून उडी मारल्यावर पट्ट्यासकट कॅमेरा वर सरकला आणि त्याच्या हनुवटीला लागला. चित्रात आधी दोन गुडघे, मग आकाश आणि मग नुसता पांढरा फेस आला. दातांत धरायची पकड मिळते, तिला मी सरळ नकार दिला. कारण साधे गणित आहे. दहा फुटांवरून पडणारा माणूस पाण्याला ताशी सुमारे २८ किलोमीटर वेगाने भिडतो, वीस फुटांवरून तोच वेग ताशी ४० किलोमीटरच्या घरात जातो. त्या वेगाने दातांतली वस्तू पाण्यावर आदळली तर काय होईल हे दंतवैद्याला विचारावे लागत नाही.

गंमत अशी की हे कॅमेरे जन्मले ते खेळणाऱ्याच्या अंगावर बांधण्यासाठीच. निक वुडमन या अमेरिकी तरुणाला २००२ मध्ये लाटांवर स्वार होताना स्वतःचे फोटो हवे होते, म्हणून त्याने मनगटाला कॅमेरा बांधायचा पट्टा करायला घेतला, आणि २००४ मध्ये गोप्रोचा पहिला कॅमेरा आला तो रिळावर चालणारा होता. लाटेवर माणूस बराच वेळ असतो, त्यामुळे तिथे ती कल्पना शोभते. वीस फुटांवरची उडी जेमतेम एक सेकंद आणि वर थोडी टिकते, आणि त्या वेळात उडी मारणाऱ्याच्या छातीवरून काहीही दिसत नाही.

जलरोधकतेचे आकडे वाचताना थोडे सावध असावे. गोप्रो हीरो १२ वेगळ्या कवचाशिवाय १० मीटरपर्यंत आणि डीजेआय ऑस्मो ॲक्शन ४ हा १८ मीटरपर्यंत पाण्यात चालतो, असे त्यांचे उत्पादक सांगतात. हा हळूहळू खोल जातानाचा दाब आहे. पाण्यावर आपटण्याचा झटका वेगळा. शिवाय पाणी शिरते ते बहुधा बॅटरीच्या झाकणातून, तिथल्या रबरी कडेवर वाळूचा एखादा कण किंवा केस अडकला की. सीताबर्डीच्या बाजारातून मी एक मऊ रंगकामाचा ब्रश केवळ त्या कडेसाठी घेतला. सोबत भडक नारिंगी रंगाची तरंगती मूठही घेतली, कारण कॅमेरा स्वतः तरंगत नाही.

पहिला दिवस : नागपूर, गुवाहाटी, शिलाँग

कोलकात्यात विमान बदलून आम्ही दुपारी गुवाहाटीला उतरलो आणि ठरवून ठेवलेल्या गाडीने शिलाँगकडे निघालो. नोंगपोहला चहा झाला. तिथून पुढे उमियमचे धरण येईपर्यंत साडेचार वाजले असतील, आणि सूर्य डोंगराआड गेला होता.

नागपूरकरांनी हे लक्षात ठेवावे, कारण चित्रणाचे सारे वेळापत्रक यावर अवलंबून आहे. आपले शहर साधारण ७९ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि उमंगोटच्या काठावरच्या डावकी गावाचा परिसर ९२ अंशांवर. घड्याळ एकच असले तरी सूर्य तिथे आपल्यापेक्षा सुमारे पन्नास मिनिटे पुढे असतो. त्यात डिसेंबर, आणि ठिकाण आपल्याहून उत्तरेला. आपल्याकडे चार वाजता ऊन असते तसे तिथे असेल असे धरून चालाल, तर हाती अंधारलेली, दाणेदार चित्रे येतील.

शिलाँगची थंडी आपल्या डिसेंबरपेक्षा बोचरी आहे. पोलीस बाजारात फिरून एका लहानशा खाणावळीत जाडोह खाल्ला. मांसाच्या रसात शिजवलेला हा भात बिनतिखट असतो. सावजीची सवय असलेल्या पुतण्याने पहिल्या घासाला माझ्याकडे केविलवाणे पाहिले, मग तुंगतप ही सुक्या मासळीची चटणी आली आणि त्याचा चेहरा खुलला.

दुसरा दिवस : पिनुर्स्लामार्गे नदीकडे

शिलाँगहून डावकी सुमारे ८० किलोमीटर आहे. लाइटलिंगकॉट, पिनुर्स्ला अशी गावे मागे पडतात, पठार एकदम तुटते आणि रस्ता दरीच्या कडेने उतरू लागतो. उतारावर झाडूचे गवत, मग सुपारीची झाडे आणि त्यांवर चढलेले नागवेल. हवा दर वळणाला उबदार होत जाते. शिलाँगला अंगावर चढवलेले स्वेटर खाली पोहोचेपर्यंत मांडीवर आले होते.

डावकीचा झुलता पूल १९३२ सालचा आहे. त्याच्या खालच्या घाटावर पर्यटकांच्या होड्यांची दाटी असते आणि पलीकडे बांगलादेशातील जाफलाँगच्या वाळवंटावर तिकडची माणसे आपल्यासारखीच सहलीला आलेली दिसतात. इथे एक अनपेक्षित गोष्ट घडली. वर्गमैत्रिणीच्या लक्षात आले की तिचा फोन आमच्या घड्याळांपेक्षा अर्धा तास पुढे गेला आहे. फोनने सीमेपलीकडचे नेटवर्क पकडले होते आणि आपोआप बांगलादेशची वेळ घेतली होती. ॲक्शन कॅमेरा फोनला जोडला की तो फोनचीच वेळ उचलतो. नंतर दोन कॅमेऱ्यांचे तुकडे जुळवायचे असतील तर हा अर्धा तास फार छळतो. म्हणून फोनमधील आपोआप वेळ बदलण्याची सोय बंद करून ठेवावी, आणि तीही डावकीच्या अलीकडेच.

श्नोंगपडेंग तिथून थोड्याच अंतरावर, नदीच्या वरच्या अंगाला आहे. काठावर तंबू, नदीवर पायी जाण्याचा झुलता पूल, आणि गोट्यांच्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या अरुंद होड्या. आमचा नावाडी पंचविशीचा, कामापुरते हिंदी बोलणारा तरुण होता. त्याची आई काठावरच भात आणि चहा विकत असे. तिला सगळे ‘काँग’ म्हणत, म्हणजे थोरली बहीण. आम्हीही तेच म्हणू लागलो.

काँगने जेवणानंतर क्वाय पुढे केले : ओली सुपारी, विड्याचे पान, चुना. घरी आलेल्याला ते देणे हा त्या डोंगरातला रिवाज आहे. ज्या शहरात चौकाचौकात खर्रा घोटला जातो, त्या शहराच्या माणसाने सुपारीला काय भ्यायचे, अशा आविर्भावात माझ्या पतींनी ते तोंडात टाकले आणि दोन मिनिटांत त्यांच्या कपाळावर घाम आला, कान लाल झाले. काँग पोट धरून हसली. परतफेड म्हणून त्यांनी पिशवीतून आंबिया बहाराची नागपुरी संत्री काढली. तिच्याही टोपलीत खासी संत्री होतीच. तिने आपले फळ सोलून आम्हाला दिले, आमचे स्वतः खाल्ले, आणि मुलाकरवी निकाल कळवला की आमचे सोलायला सोपे आहे, पण वास तिच्या फळाला जास्त आहे. २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवलेल्या फळाबद्दल हे ऐकून घेणे आम्हाला जड गेले. खरे सांगायचे तर तिचे म्हणणे चुकीचे नव्हते.

तिसरा दिवस : पहिला कडा

दरी अरुंद असल्यामुळे सकाळी सूर्य उगवला तरी ऊन पाण्यावर पोहोचायला साडेनऊ वाजतात. तोवर नावाड्याने दोन कामे उरकली. पहिले म्हणजे त्याने सर्वांच्या जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून पाहिले. सैल जॅकेट पाण्यात शिरताना वर येते आणि हनुवटीवर आदळते. दुसरे, त्याने आम्हाला काठावरून हळूहळू गळ्यापर्यंत पाण्यात उतरवले. पाणी चांगलेच गार होते. गार पाण्यात अचानक पडले की माणूस नकळत मोठा श्वास ओढतो, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी आत जाते. शरीराला आधी सवय झाली की हा धक्का पुष्कळ कमी होतो.

मग तो चष्मा लावून कड्याखालच्या डोहात उतरला, बुडी मारून तळाला हात लावून आला, आणि एका जागी जाऊन पाण्यावर थाप मारत म्हणाला की इथेच पडायचे, त्या करड्या दगडाच्या बाजूला नाही. मला तो करडा दगड अगदी पृष्ठभागाजवळ वाटत होता. तो बराच खाली होता. पाण्याच्या वक्रीभवनामुळे वरून पाहताना खोली प्रत्यक्षाच्या पाऊणपट भासते. फसगत सुरक्षित बाजूची असली तरी अंतराचा अंदाज डोळ्यावर सोडू नये, जो रोज तिथे बुडी मारतो त्याला विचारावे.

पहिला कडा दहा फुटांच्या आसपास असावा. पुतण्या वर चढला, कडेला उभा राहिला आणि तसाच उभा राहिला.

“काकू, पाणी कुठून सुरू होते तेच दिसून नाही राहिलं!” तो वरून ओरडला.

तो घाबरला असे मला वाटले, पण त्याचे म्हणणे खरे होते. वाऱ्याचा लवलेश नव्हता, आणि इतक्या नितळ पाण्याचा पृष्ठभाग वरून दिसतच नाही. दिसतो तो थेट तळ. पाय नेमके कधी टेकणार हे न कळल्यास शरीर चुकीच्या क्षणी सैल पडते. नावाड्याला हे नवे नव्हते. त्याने होडी जवळ आणली आणि वल्ह्याने पाणी खळबळवायला सुरुवात केली. लाटा उठल्या, त्यांवर ऊन चमकले, आणि पृष्ठभाग कुठे आहे ते वरून दिसू लागले. उड्यांच्या स्पर्धांमधील तलावांतही याच कारणासाठी पाण्यावर फवारे सोडतात. पुरुषांच्या २७ मीटर आणि महिलांच्या २० मीटर उंचीवरून होणाऱ्या जागतिक स्पर्धांमध्ये उडी मारणारे नेहमी पायांवरच पाण्यात शिरतात, आणि खाली पाण्यात मदतनीस पोहणारे वाट पाहत असतात. नावाड्याने या स्पर्धा कधी पाहिल्या नव्हत्या; वल्हे मारण्याची युक्ती त्याला काकाने शिकवली होती.

पुतण्याने उडी मारली. मी तेव्हा पाण्यात होते, पडण्याच्या जागेपासून तीन-चार वाव बाजूला, पाठीवर ऊन घेऊन. जॅकेट घातलेल्या माणसाला बुडी मारता येत नाही, आणि त्याची गरजही नाही. हातभर लांबीच्या दांडीला कॅमेरा लावून दांडी पाण्यात उभी खाली धरली की पुरते. कॅमेऱ्याची भिंग-बाजू किंचित वर वळवावी, म्हणजे चित्राच्या वरच्या भागात पृष्ठभागाची खालची चकाकती बाजू येते. तिथूनच पाय आत शिरतात.

रात्री ते चित्रण पाहिले तेव्हा उडीबद्दलची माझी समजूतच बदलली. बाहेरून पाहणाऱ्याला उडी म्हणजे हवेतला भाग वाटतो. पाण्याखालून पाहिले तर आधी पृष्ठभागाला दोन तळवे टोचतात, मग त्यांच्यामागून पांढऱ्या बुडबुड्यांचा खांब उतरतो आणि माणूस त्यात पूर्ण नाहीसा होतो. थोड्या वेळाने बुडबुडे वर जाऊ लागतात, तेव्हा आधी एक हात, मग डोळे घट्ट मिटलेला, गाल फुगवलेला चेहरा दिसतो. त्याच्या वर्गमैत्रिणीची उडी अगदी निराळी निघाली. तिने पायांची बोटे खाली ताणलेली, हात मांड्यांना चिकटलेले, नजर समोरच्या झाडावर ठेवलेली. तिच्याभोवती बुडबुडे इतके थोडे होते की ती सबंध उडीभर दिसत राहिली. उडी किती सरळ होती हे पंचाशिवाय सांगणारा हा पुरावा आहे. ती पाण्याकडे पाहत नव्हती हेच तिच्या सरळपणाचे कारण. हनुवटी खाली गेली की शरीर पुढे झुकते आणि छाती किंवा पोट पाण्यावर आपटते. नंतर तिने मुद्दाम मुटकाही मारला, आणि त्या चित्रणात तर फेसाशिवाय काहीच नाही.

दुपारी पुतण्याने छातीवरचा पट्टा पुन्हा बाहेर काढला.

“काहून नाही म्हणून राहिल्या काकू? इथे तर खोल पाणी आहे.”

उत्तर नावाड्याने दिले. कॅमेरा अंगावर असेल तर तो होडी कड्यापाशी नेणार नव्हता. एकदा एका पाहुण्याचा पट्टा पाण्यात सुटून गळ्यात अडकल्याचे त्याने पाहिले होते. विषय तिथे संपला. नुसता कॅमेरा हातात धरून उडी मारणे त्याला चालत होते, पण मी तेही करू दिले नाही. मनगटाची दोरी पाण्यात शिरताना हात खांद्यातून मागे खेचते.

आता मांडणीविषयी थोडे. मी ४के चित्र सेकंदाला १२० चौकटींनी घेतले. ते ३० चौकटींच्या गतीने दाखवले की वेग चौपट मंदावतो, आणि एका सेकंदाची उडी चार सेकंद चालते. २४० चौकटी घेतल्या तर आठ सेकंद मिळतात, पण चित्राची स्पष्टता कमी होते आणि दरीत सावली असली की दाणे दिसतात, म्हणून तो मोह मी लवकरच सोडला. पांढऱ्या रंगाचा समतोल आपोआप न ठेवता पक्का करावा, नाहीतर कॅमेरा पाण्याखाली जाताच रंग डोळ्यांदेखत बदलतो. आकाश पांढरे पडू नये म्हणून प्रकाश थोडा कमी ठेवावा. आणि बटण दाबण्याआधीचे काही सेकंद साठवून ठेवण्याची सोय कॅमेऱ्यात असेल तर ती जरूर वापरावी, कारण कड्यावरचा माणूस ‘एक, दोन, तीन’ म्हणून कधीच तीनला उडी मारत नाही. या गतीच्या चित्रणाला मिनिटाला सुमारे ९०० मेगाबाइट जागा लागते. उभे राहून विचार करणाऱ्या पुतण्यांसाठी मोठे कार्ड न्यावे.

चौथा दिवस : रविवार

रविवारी सकाळी गाव चर्चमध्ये असते. होड्या काठावर, दुकाने बंद, आणि टेकडीवरून सामुदायिक गाण्याचे सूर. रविवार धरून बेत आखणाऱ्यांनी अर्धा दिवस मोकळा सोडावा. आम्ही तंबूत बसून बॅटऱ्या बदलल्या. हे काम नदीकाठी न करता कोरड्या जागी करणे महत्त्वाचे आहे. दमट हवा झाकणाआड कोंडली गेली आणि गरम झालेला कॅमेरा गार पाण्यात उतरला, की भिंगाच्या आतल्या बाजूला धुके धरते आणि ते बाहेरून पुसता येत नाही. बाहेरच्या थेंबांवर मात्र उपाय आहे. प्रत्येक उडीआधी कॅमेरा एकदा पाण्यात बुडवून बाहेर काढावा, म्हणजे थेंब सुटे न राहता पाण्याचा एकसारखा पातळ थर बसतो.

दुपारी नावाडी इस्त्रीचा शर्ट बदलून आला आणि आम्हाला वीसेक फुटांच्या कड्यावर घेऊन गेला. मला अर्धे चित्र पाण्यावरचे आणि अर्धे पाण्याखालचे असे हवे होते. कॅमेऱ्याचे भिंग इतके लहान असते की पाण्याची रेषा त्यावर ठरत नाही. त्यासाठी पुढे सहा इंची काचेसारखा अर्धगोल बसवावा लागतो. तो गोल हवेने भरलेला असल्याने पाण्यात सारखा उसळी मारतो, आणि जॅकेट घालून तरंगताना त्याला रेषेवर धरणे हे उडीपेक्षा कष्टाचे काम आहे. माझ्या पतींनी मागून माझे जॅकेट धरून ठेवले तेव्हा कुठे हात स्थिर झाला. वर कड्यावर चढणारी मुलगी, खाली हिरवट पाण्यात तळापर्यंत पोहोचलेली उन्हाची तिरीप, आणि मधल्या रेषेवर होडीचा तळ, असे एकच चित्र चांगले आले. ऊन अडीचलाच डोहावरून सरकू लागले होते.

पुतण्याने वीस फुटांवरून उडी मारली नाही. वर जाऊन, पाहून तो पायवाटेने खाली आला, आणि कोणी काही म्हणाले नाही. त्याऐवजी नावाड्याने वल्हे माझ्या पतींच्या हाती दिले, त्या कड्याच्याही वरच्या खडकावर झरझर चढला आणि कोणतीही मोजणी न करता सरळ खाली आला. त्याच्या पाण्यात शिरण्याचा आवाजही फारसा झाला नाही.

संध्याकाळी काँगच्या दुकानात आम्ही चित्रणाचे तुकडे त्याच्या फोनवर पाठवले. इंटरनेट यथातथाच असल्याने ते थेट कॅमेऱ्यातून फोनवर घ्यावे लागले. त्याने आपली उडी मंद गतीत दोनदा पाहिली, आणि तेवढ्यात मागून काँग येऊन उभी राहिली. तिने ती शेवटपर्यंत पाहिली आणि खासीत काहीतरी झणझणीत बोलली. आम्ही अर्थ विचारला.

“ती विचारते आहे,” तो म्हणाला, “की मी वर होतो, तर होडी कोणाच्या ताब्यात होती?”

माझ्या पतींनी हात वर केला. काँगने त्यांच्याकडे एकदा आपादमस्तक पाहिले आणि त्यांच्यापुढे क्वायचे ताट सरकवले.